गिरणगावच्या मोकळ्या जागेचा हिशेब

मुंबईतील परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, चिंचपोकळी, भायखळा, लोअर परळ, वरळी आणि दादरचा काही भाग मिळून जो पट्टा होतो, त्याला शंभराहून अधिक वर्षे 'गिरणगाव' म्हटले जाते. या पट्ट्यातील कापड गिरण्यांकडे एकत्रितपणे सुमारे ६०० एकर जमीन होती. गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा या जमिनीचा ठरावीक हिस्सा बागा व मैदाने यांसाठी शहराला मिळेल, असा नियम सरकारने १९९१ मध्ये केला. दहा वर्षांनी तो बदलण्यात आला. नियमातील टक्केवारी बदलली नाही. बदलला तो 'मोकळी जमीन' या शब्दांचा अर्थ. त्या एका बदलामुळे नियोजित बागांचे क्षेत्र कितीतरी पटींनी आटले.

आज मुंबईत चाळी, उपकरप्राप्त इमारती, म्हाडाच्या वसाहती आणि सहकारी गृहसंस्था यांच्या पुनर्विकासाचे प्रस्ताव जागोजागी आहेत. बहुतेक प्रस्तावांत एखादे उद्यान, एखादे मैदान दाखवलेले असते. ते प्रत्यक्षात येईल का, आले तर सर्वांना खुले राहील का, ही रहिवाशांची शंका जुनी आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी गिरणगावचा हिशेब समजून घेणे उपयोगी ठरते.

गिरणी, चाळ आणि मैदान

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली. पुढच्या काही दशकांत मध्य मुंबईत गिरण्यांची रांगच उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गिरणीच्या भोंग्याच्या अंतरावर चाळीत राहिला. एका खोलीत एक कुटुंब, आणि गावकीच्या गाळ्यात तर पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस जण, अशी ती वस्ती होती. घर इतके लहान असताना गॅलरी, चाळीचे पटांगण, रस्ता आणि मैदान हे घराचेच विस्तार झाले. परळचे कामगार मैदान, नरे पार्क, वरळीचे जांबोरी मैदान या जागांवर सभा झाल्या, कबड्डीचे सामने झाले, गणेशोत्सव झाले. गिरणगावात मोकळी जागा ही चैनीची बाब कधीच नव्हती.

मात्र ही मैदाने वस्तीच्या मानाने थोडीच होती. सर्वांत मोठे भूखंड गिरण्यांच्या भिंतींआड होते. त्यांत गोदामे, खाते, चिमण्या, तलाव आणि बरीचशी रिकामी जागा होती. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. अनेक गिरण्या नंतर पूर्ण क्षमतेने चालल्याच नाहीत. कापडापेक्षा जमिनीची किंमत अधिक, अशी स्थिती निर्माण झाली आणि जमिनीचे काय करायचे हा प्रश्न सरकारपुढे आला.

१९९१ चा नियम

बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. कापड गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास तिचे तीन वाटे करावेत, असे त्याचे सूत्र होते. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीत ३३ टक्के महापालिकेला उद्यान, मैदान वा तत्सम मोकळ्या वापरासाठी, २७ टक्के म्हाडाला सार्वजनिक गृहबांधणीसाठी आणि ४० टक्के मालकाला विकासासाठी. पाच ते दहा हेक्टरच्या जमिनीत हे प्रमाण अनुक्रमे ३३, ३४ आणि ३३ टक्के, तर दहा हेक्टरवरील जमिनीत ३३, ३७ आणि ३० टक्के. म्हणजे गिरणी जितकी मोठी, तितका मालकाचा वाटा लहान. शहराच्या मोकळ्या जागेचा एक-तृतीयांश वाटा मात्र सर्वत्र सारखा.

ही वाटणी गिरणीच्या रिकाम्या जमिनीवर आणि बांधकाम पाडल्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जमिनीवरही लागू होती. पुढचा सारा वाद या दुसऱ्या भागाचा आहे.

नियम उदार होता, पण त्यात एक पळवाटही होती. जुने बांधकाम कायम ठेवून आतल्या आत वापर बदलता येत असल्याने संपूर्ण पुनर्विकासाचा प्रस्ताव आणण्याची घाई मालकांना नव्हती. दहा वर्षांत फारच थोडी जमीन महापालिकेच्या वा म्हाडाच्या ताब्यात आली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे मुंबईतील ५८ पैकी २५ गिरण्या होत्या. या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९९६ मध्ये अहवाल दिला. प्रत्येक गिरणीचे स्वतंत्र तुकडे करण्याऐवजी शेजारशेजारच्या जमिनी एकत्र आखाव्यात, म्हणजे सलग बागा, रुंद रस्ते आणि सार्वजनिक चौक मिळतील, असा त्या आराखड्याचा रोख होता. तो अमलात आला नाही.

एका शब्दाची किंमत

मार्च २००१ मध्ये राज्य सरकारने ५८ व्या नियमात दुरुस्ती केली. वाटणीसाठी धरावयाच्या जमिनीतून 'बांधकाम पाडल्यानंतर रिकामी होणारी जमीन' हे शब्द गेले. उरली ती 'मोकळी जमीन' आणि शिल्लक चटई क्षेत्र. २००३ मध्ये सरकारने खुलासा करून हाच अर्थ पक्का केला. गिरण्यांचा पुनर्विकास अडून राहिला आहे, मालकांना प्रोत्साहन मिळाल्याशिवाय आजारी गिरण्यांचे पुनर्वसन आणि कामगारांची थकलेली देणी यांसाठी पैसा उभा राहणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

या बदलाचा अर्थ साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, एका गिरणीची जमीन पाच हेक्टर आहे आणि त्यातील साडेचार हेक्टरवर शेड, गोदामे व इतर बांधकाम आहे. सारे पाडून नवे बांधावयाचे झाल्यास १९९१ च्या नियमानुसार पूर्ण पाच हेक्टरांचे वाटे पडतील. महापालिकेला १.६५ हेक्टर, म्हणजे चार एकरांहून थोडे अधिक, म्हाडाला १.३५ हेक्टर आणि मालकाला दोन हेक्टर. २००१ नंतर वाटे पडतील ते केवळ अर्ध्या हेक्टरचे. महापालिकेचा ३३ टक्के वाटा कायमच, पण तो आता १,६५० चौरस मीटरचा. चार एकरांचे उद्यान आणि दोन इमारतींमधील हिरवा तुकडा यांत जो फरक, तो या दोन नियमांत होता. गिरण्यांच्या आवारात बांधकामाने व्यापलेली जमीनच अधिक असल्याने हा फरक अपवादाचा नव्हता.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या काही गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलला ७०२ कोटी रुपये आले, तर दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ला ४२१ कोटी. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपने २००१ च्या दुरुस्तीला जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. 'मोकळी जमीन' या शब्दांत बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही येते, असा अर्थ न्यायालयाने लावला. मात्र ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सरकारने केलेला नियम ग्राह्य धरला. आजारी उद्योगांचे पुनर्वसन, कामगारांची देणी आणि पर्यावरण यांचा तोल कसा साधावा, हे ठरविणे धोरणकर्त्यांचे काम असल्याची या निकालाची दिशा होती.

घर की बाग?

या वादात 'कामगाराला घर हवे की बाग हवी' असा प्रश्न अनेकदा विचारला गेला. तो फसवा होता. १९९१ च्या नियमात घराचा वाटा वेगळा आणि बागेचा वाटा वेगळा होता; एकासाठी दुसरा सोडावा लागत नव्हता. २००१ मध्ये ज्या जमिनीतून हे दोन्ही वाटे निघायचे, तीच कमी झाली, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी आक्रसले. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर बांधलेल्या घरांपैकी ६,९२५ घरांची सोडत गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी जून २०१२ मध्ये निघाली. पुढे आणखी सोडती झाल्या. परंतु घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगार व वारसांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. अनेकांना मुंबईबाहेरच्या घरांचे पर्याय दाखवले गेले, त्याचे मूळ या आकड्यांच्या विषमतेत आहे.

मोकळी जागा कमी आणि माणसांची ये-जा अधिक, याचे परिणाम पुढे दिसले. गिरण्यांच्या जागी कार्यालये, मॉल आणि मनोरे उभे राहिले. रस्ते, पूल आणि स्थानके जवळपास तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. या दोन्ही दुर्घटनांची कारणे स्वतंत्र आहेत. तथापि कारखान्यांसाठी आखलेल्या भागावर कार्यालयांची आणि करमणुकीची गर्दी येत असताना मोकळ्या जागा आणि रुंद वाटा यांची तरतूद आधी व्हायला हवी होती, ही रहिवाशांची तक्रार या घटनांनंतर कोणालाही झटकता येण्याजोगी राहिली नाही.

बागेविषयी चार प्रश्न

गिरणगावच्या अनुभवातून कोणत्याही नियोजित उद्यानाबाबत चार प्रश्न पुढे येतात.

पहिला, किती? टक्केवारी ऐकून समाधान मानू नये, ती कशाची टक्केवारी आहे ते पाहावे. एकूण भूखंडाची, रस्ते व आरक्षणे वजा केल्यावर उरलेल्या भूखंडाची की केवळ रिकाम्या जागेची, यावर क्षेत्र ठरते. गिरणगावात ३३ टक्के हा आकडा १९९१ लाही होता आणि २००१ लाही.

दुसरा, कुठे? एकाच मालकाच्या अनेक गिरण्या असल्यास त्यांचे सार्वजनिक वाटे एकत्र करून एखाद-दुसऱ्या ठिकाणी देण्याची मुभा नियमात होती. सलग मोठी जागा मिळणे हा तिचा फायदा. पण ज्या मोहल्ल्यात मनोरे उभे राहिले, त्याच्या वाट्याची बाग दुसऱ्याच मोहल्ल्यात जाणे हा तोटा. शहराच्या एकूण क्षेत्रात बाग मोजली जाते, परंतु लहान मूल आणि वृद्ध माणूस चालत जाऊ शकेल तेवढेच अंतर त्यांच्या उपयोगाचे असते.

तिसरा, कशावर? बहुमजली वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, माती पसरून केलेली हिरवळ मनोरंजन मैदान म्हणून धरावी का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तो प्रकल्पही दादरच्या कोहिनूर मिलच्या जमिनीवरचाच होता. मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात नियमानुसार १५, २० किंवा २५ टक्के मनोरंजन जागा सोडावी लागते. ही किमान जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमवरील हिरवळ तिच्या जोडीला असू शकते, तिच्याऐवजी नव्हे, असा निकाल न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दिला. पिंपळ-वडासारख्या वृक्षाला मुळे पसरायला जमीन लागते आणि पावसाचे पाणी मुरायलाही जमीनच लागते, हे त्यामागचे व्यावहारिक सत्य आहे.

चौथा, कोणाच्या ताब्यात? महापालिकेच्या मालकीची मैदाने व उद्याने देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या धोरणावरून मुंबईत वारंवार वाद झाले. काही ठिकाणी मैदानावर क्लबची इमारत उभी राहिली आणि सदस्यत्वाशिवाय आत जाणे अवघड झाले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने असे धोरण संमत करताच नागरिकांनी तीव्र विरोध केला. राज्य सरकारने त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत ताब्यात घेण्याची प्रक्रिया महापालिकेला सुरू करावी लागली. जमीन सरकारी, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे, अशी बाग सार्वजनिक म्हणता येत नाही.

हे प्रश्न विचारण्याची निकड आकड्यांतूनही दिसते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होत असताना प्रत्यक्षात उपलब्ध असलेली जागा दरडोई सव्वा चौरस मीटरच्या आसपास होती.

हरकत केव्हा घ्यावी

उद्यानाविषयीचा आक्षेप बहुतेकदा पत्रे लागल्यावर, खोदकाम सुरू झाल्यावर घेतला जातो. तोपर्यंत कायद्याने दिलेल्या बहुतेक संधी निघून गेलेल्या असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नागरिकांना बोलण्याचे टप्पे ठरवून दिले आहेत.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ नुसार हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची, बृहन्मुंबईसाठी ६० दिवसांची. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हा टप्पा निव्वळ औपचारिक नसतो. मुंबईच्या आराखड्याचा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा हजारो हरकती आणि उघड चुकांमुळे बाजूला ठेवावा लागला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि मंजूर आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. गिरण्यांच्या जमिनीचे सूत्र नव्या नियमावलीत ३५ व्या नियमात आले.

आराखडा मंजूर झाल्यावरही एखादे आरक्षण बदलावयाचे असल्यास कलम ३७ नुसार सूचना प्रसिद्ध करून एक महिन्यात हरकती घ्याव्या लागतात. या सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत लहान अक्षरांत येतात. गृहसंस्था, चाळ समिती वा मंडळ यांपैकी कोणीतरी त्या नियमित पाहणे आवश्यक आहे.

तिसरी बाब कलम १२७ ची आहे. खासगी जमिनीवरील आरक्षण दहा वर्षांत संपादित झाले नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाची प्रत्यक्ष पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. ती पुढे वाढून २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाली. नोटीस आल्याचे परिसरातील लोकांना सहसा कळत नाही. महापालिकेची तरतूद अपुरी पडली वा फाइल टेबलावर राहिली, तर नकाशावर वर्षानुवर्षे हिरवी दिसणारी जागा एका दिवसात बांधकामास मोकळी होते. म्हणून आरक्षित भूखंडाबाबत माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अधूनमधून विचारणा करणे हा साधा पण परिणामकारक उपाय आहे.

पुनर्विकासाच्या प्रकल्पात कागदपत्रांचा क्रमही ध्यानात ठेवावा. भूखंडाच्या आरक्षणाविषयी महापालिकेचा अभिप्राय, मालमत्ता पत्रक, मंजूर रेखांकन आणि बांधकाम परवानगीतील अटी ही चार कागदपत्रे पाहिल्यास बाग कोठे, किती आणि कोणत्या टप्प्यावर हस्तांतरित व्हायची, हे समजते. २०१७ पासून महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पांचे मंजूर आराखडे पाहता येतात. बाग शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राबरोबर देण्याची अट असेल, तर ती इमारत रखडली की बागही रखडते. पहिल्या टप्प्यातच ताबा देण्याची मागणी रहिवाशांनी करारापूर्वी करणे म्हणूनच हिताचे.

आज गिरणगावात

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू असून १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्या कुटुंबांसाठी हा बदल मोठा आहे आणि त्याला विरोध करण्याचे कोणालाही कारण नाही. परंतु तीन-चार मजल्यांच्या चाळींच्या जागी उत्तुंग इमारती येतात, तेव्हा त्याच जमिनीवर राहणाऱ्यांची संख्या वाढते. मैदान मात्र जुन्याच मापाचे राहिले, तरी दरडोई वाटा घटतो. परिसरातील गिरणी चाळी आणि उपकरप्राप्त इमारतींचे प्रस्ताव पुढे सरकतील तसा हा ताण वाढणार आहे.

गिरण्यांच्या जमिनीची संधी मध्य मुंबईला पुन्हा मिळणार नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले, दादरच्या इंदू मिलची जमीन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली, असे काही भूखंड सार्वजनिक उपयोगात आले. बाकीच्यांचा निकाल लागून गेला आहे. पुढच्या पुनर्विकासात बागेची जमीन राखायची, तर नियमाचा मसुदा निघतो त्याच महिन्यात तो ओळीओळीने वाचणारे लोक प्रत्येक प्रभागात असावे लागतील. २००१ च्या दुरुस्तीला न्यायालयात आव्हान मिळाले ते २००५ मध्ये. तोपर्यंत चार वर्षे गेली होती आणि जमिनींचे लिलावही सुरू झाले होते.